संगणक आपणहून पाटी का बनतो?

बाजारात हल्ली दुहेरी कामाचे लॅपटॉप मिळतात. एरवी ते नेहमीच्या लॅपटॉपसारखेच दिसतात. खाली कळफलक, वर पडदा आणि दोहोंच्या मध्ये बिजागरी. पण यांचा पडदा मागे ढकलत नेला तर तो थेट 360 अंशांतून फिरतो आणि कळफलकाच्या पाठीला पाठ लावून बसतो. मग आपल्या हाती उरते ती जणू एक पाटी! तिच्यावर बोटाने चित्र काढावे, पुस्तक वाचावे, गणित सोडवावे. लेनोव्हो कंपनीने 2012 साली काढलेला असा लॅपटॉप चांगलाच गाजला. त्याचे नाव होते 'योगा'. ते नाव का दिले असेल, हे तुम्हांला सांगायला नकोच!

या पाटीलाच आपण टॅब्लेट म्हणतो. लॅपटॉपची पाटी झाली की यंत्रात काही बदल आपोआप होतात. कळफलक आणि टचपॅड बंद पडतात. पडद्यावरची चिन्हे बोटाला सोयीची व्हावीत म्हणून मोठी किंवा विरळ होतात. अक्षरे लिहायची असतील तिथे बोट टेकवले की पडद्यावरच कळफलक उमटतो. पाटी आडवी-उभी धरली की चित्रही त्याप्रमाणे फिरते. या सर्वांना मिळून 'टॅब्लेट मोड' असे नाव आहे. आपण त्याला 'पाटी-अवस्था' म्हणू.

कळफलक बंद का करायचा, असे तुम्ही विचाराल. पाटी हातात कशी धरतो ते आठवा. चार बोटे मागे असतात आणि या यंत्राच्या मागे तर कळफलकच असतो. तो चालू राहिला, तर वाचता वाचता बोटांखाली दहा कळा दाबल्या जातील आणि लिहिलेला निबंध पुसूनही जाईल! म्हणून योजना चांगली आहे यात शंका नाही.

घोटाळा होतो तो पुढे. लॅपटॉप टेबलावर नीट उघडून ठेवलेला आहे, तुम्ही प्रकल्पाचा अहवाल लिहीत आहात, आणि अचानक अक्षरे उमटेनाशी होतात. पडद्यावरची मांडणी बदलते. यंत्राने ठरवून टाकले आहे, की आपण आता पाटी आहोत! परीक्षेचा अर्ज भरायची मुदत तासाभरात संपणार असेल, तर अशा वेळी भल्याभल्यांची तारांबळ उडते. बहुतेकांना वाटते, की कळफलक मोडला. मग दुरुस्तीचे दुकान, नव्या कळफलकाचा खर्च आणि आठवड्याचा खोळंबा. खरे म्हणजे पुष्कळदा कळफलक ठणठणीत असतो. चुकलेली असते ती यंत्राची स्वतःविषयीची समजूत.

ही समजूत यंत्र कशाच्या आधारावर करून घेते? ते कळले, की त्याला आवर कसा घालायचा हेही कळेल. म्हणून आधी यंत्राच्या पोटात शिरू या.

सोन्याचा वर्ख आणि एका विद्यार्थ्याची शंका

लॅपटॉपला डोळे नाहीत. आपला पडदा कुठे आहे ते त्याला दिसत नाही. त्याच्याजवळ असतात ते काही चिमुकले संवेदक. त्यांपैकी पहिला चुंबक ओळखतो. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. विजेच्या विषयात त्या काळी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा ग्रंथ प्रमाण मानला जाई. तारेतून वीज वाहत असताना ती चुंबकाजवळ नेली, की तारेवर बल कार्य करते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तो हाच. मॅक्सवेल यांचे म्हणणे असे होते, की हे बल तारेवर लागते, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे. हॉलला ते पटेना. तार घट्ट धरून ठेवली तर आतला प्रवाह तरी एका कडेला सरकेल की नाही?

1879 साली हॉलने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला, त्यातून वीजप्रवाह सोडला आणि तो विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवला. मग वर्खाच्या दोन समोरासमोरच्या कडा सूक्ष्म प्रवाहसुद्धा दाखवणाऱ्या गॅल्व्हॅनोमीटरला जोडल्या. काटा हलला! चुंबकामुळे वर्खातला प्रवाह खरोखरच एका बाजूला ढकलला जात होता आणि दोन कडांमध्ये विभवांतर निर्माण होत होते. हॉल तेव्हा अवघ्या 23 वर्षांचा होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून 18 वर्षे होती. म्हणजे वाहणारी वस्तू कोणती हे कोणालाही ठाऊक नसताना ती बाजूला सरकते, हे त्याने मोजून दाखवले. या परिणामाला आज 'हॉल परिणाम' म्हणतात. प्रमाण ग्रंथातील विधानावर शंका घेऊन ती प्रयोगाने तपासणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव असे कायमचे राहिले.

धातूंमध्ये हा परिणाम फारच क्षीण असतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांत तो कितीतरी ठळक दिसतो. म्हणून आज काही मिलिमीटर लांबीच्या चकतीत हॉल संवेदक बसवता येतो. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची मूठ पिळली की वेग वाढतो, तिथेही पुष्कळदा मुठीतला चुंबक आणि हॉल संवेदक यांचीच जोडी काम करीत असते.

लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेत एक लहानसा चुंबक दडवलेला असतो आणि कळफलकाच्या भागात हॉल संवेदक. पडदा मिटला की चुंबक संवेदकाजवळ येतो, संवेदक 'मिटले' असा संकेत देतो आणि यंत्र झोपी जाते. दुहेरी कामाच्या अनेक लॅपटॉपांत याच धर्तीवर आणखी एक व्यवस्था असते. पडदा पूर्ण मागे फिरला, की तो चुंबक तळाच्या बाजूने संवेदकाजवळ येतो. मग संकेत मिळतो, 'पाटी झाली'.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने हा संवेदक फसत नाही का? नाही. पृथ्वीचे क्षेत्र साधारण 30 ते 60 मायक्रोटेस्ला इतके मंद असते. असा संवेदक जागा व्हायला काही मिलिटेस्ला, म्हणजे त्याच्या सुमारे शंभरपट क्षेत्र लागते. पण लहानसा चुंबकही अगदी जवळ आणला तर एवढे क्षेत्र सहज देऊ शकतो. अंतर वाढले की त्याचा जोर झपाट्याने घटतो. चुंबकाच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे असेल, तर अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र आठवा हिस्सा उरते. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

चिमुकला झोपाळा

दुसरा संवेदक त्वरण मोजतो. त्याला त्वरणमापक म्हणतात. सिलिकॉनच्या चकतीवर कोरून काढलेली एक अतिसूक्ष्म वडी असते. ती सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांवर झोपाळ्यासारखी टांगलेली असते. वडीला कंगव्यासारखे दाते असतात आणि समोर स्थिर कंगवा असतो. चकती कलली, की गुरुत्वाकर्षणाने वडी किंचित सरकते, दात्यांमधले अंतर बदलते आणि त्यांच्यात साठणारा विद्युतभार बदलतो. तो मोजला, की कोणत्या दिशेने किती ओढ आहे ते कळते. तुमचा मोबाइल आडवा केला की चित्र फिरते, ती याच संवेदकाची करामत.

घडीच्या लॅपटॉपांत पुष्कळदा असे दोन त्वरणमापक असतात. एक पडद्यात आणि एक कळफलकाखाली. दोघेही 'खाली' ही दिशा कोणती ते सांगतात. दोन उत्तरांची तुलना केली की बिजागरीचा कोन निघतो.

दहावीतले त्रिकोणमिती जाणणारे विद्यार्थी हा कोन स्वतः काढू शकतील. समजा, कळफलक टेबलावर सपाट आहे आणि पडदा अगदी उभा आहे. पडद्यातला संवेदक पडद्याच्या उंचीच्या दिशेने 9.8 आणि पडद्याला लंब दिशेने 0 असे आकडे देईल. एकक अर्थात मीटर प्रति सेकंद वर्ग. आता पडदा मागे 30 अंश कलता केला. उंचीच्या दिशेचा आकडा 9.8 गुणिले कोज्या 30 म्हणजे सुमारे 8.5 होईल. लंब दिशेचा आकडा 9.8 गुणिले ज्या 30 म्हणजे 4.9 होईल. 4.9 ला 8.5 ने भागा. सुमारे 0.58 येते आणि ते 30 अंशांचे स्पर्श गुणोत्तर आहे. म्हणजे बिजागरीचा कोन 90 अधिक 30, असा 120 अंश झाला. तुम्ही वहीत करता तेच गणित लॅपटॉप सेकंदात कितीतरी वेळा करीत असतो!

प्रत्येक साक्षीदाराची खोड

न्यायालयात साक्षीदार खोटे बोलत नसला, तरी त्याने जेवढे पाहिले तेवढेच तो सांगू शकतो. संवेदकांचेही तसेच आहे.

हॉल संवेदकाला फक्त 'इथे चुंबक आहे' एवढेच कळते. तो चुंबक लॅपटॉपच्या पडद्यातला, की घड्याळाच्या पट्ट्यातला, हे त्याला सांगता येत नाही.

त्वरणमापकाच्या खोडी आणखी मजेदार आहेत. पहिली खोड अशी, की गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि गतीत झालेला बदल यांत त्याला फरक कळत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावरून धावणाऱ्या एस.टी.त लॅपटॉप मांडीवर असला, तर प्रत्येक हिसक्याबरोबर त्याची 'खाली' ही दिशा बदलते. हा संवेदकाचा दोष मानू नका. बंद पेटीत बसून गुरुत्व आणि त्वरण वेगळे ओळखता येत नाहीत, हाच विचार 1907 साली आइन्स्टाइन यांना सुचला आणि त्यातूनच पुढे त्यांचा गुरुत्वाचा नवा सिद्धांत उभा राहिला.

दुसरी खोड बिजागरी उभी असताना दिसते. घराचे दार आठवा. ते उघडले काय किंवा मिटले काय, 'खाली' ही दिशा दाराच्या दृष्टीने तीच राहते, कारण दार उभ्या अक्षाभोवती फिरते. ट्रंकेचे झाकण उघडले तर मात्र ती बदलते. लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरला, की त्याची बिजागरी दारासारखी होते. मग दोन्ही त्वरणमापक मिळूनही कोन सांगू शकत नाहीत.

तिसरी खोड तर भूमितीतच दडलेली आहे. पडदा पूर्ण मिटलेला असताना कोन 0 अंश असतो. पूर्ण मागे फिरवल्यावर तो 360 अंश होतो. पण दोन्ही वेळा पडद्याचे तोंड कळफलकाच्या मानाने त्याच दिशेला असते! फरक एवढाच, की एकदा पडदा वर असतो आणि एकदा खाली. त्वरणमापकाला दिशा कळते, जागा कळत नाही. म्हणून त्याच्या लेखी 'मिटलेला लॅपटॉप' आणि 'झालेली पाटी' या दोन्ही गोष्टी एकच!

एका साक्षीदाराची उणीव दुसरा भरून काढतो, ती इथेच. 0 की 360 हा तंटा चुंबक सोडवतो आणि मधले कोन त्वरणमापक सांगतात. दोघांचा मेळ घालून निर्णय घेणारा एक छोटा नियंत्रक लॅपटॉपमध्ये असतो. तो आणखी एक शहाणपण करतो. समजा, 180 अंश हीच सीमा ठरवली आणि पडदा नेमका तिथेच डुगडुगत राहिला, तर यंत्र क्षणात पाटी आणि क्षणात लॅपटॉप असे हेलकावे घेईल. म्हणून दोन सीमा ठेवतात. उदाहरणार्थ, 200 अंश ओलांडल्यावर पाटी समजायचे आणि परत 160 अंशांच्या आत आल्यावरच लॅपटॉप. फ्रिजची मोटरही अशाच दोन सीमांमध्ये चालू-बंद होते. नाही तर ती मिनिटामिनिटाला कुरकुरत राहिली असती.

चूक नेमकी कुठे?

आता साखळी पूर्ण झाली. चुंबक आणि गुरुत्व ही पहिली कडी. संवेदक दुसरी. नियंत्रक तिसरी. विंडोजसारखी कार्यप्रणाली ही चौथी. 'ही पाटी आहे' हा निरोप या क्रमाने पुढे जातो आणि बिघाड कोणत्याही कडीत असू शकतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. पडद्यावरची मांडणी बदलण्याचे काम कार्यप्रणाली करते. कळफलक बंद करण्याचे काम मात्र अनेक यंत्रांत खालचा नियंत्रकच परस्पर उरकतो. म्हणून विंडोजमधली एखादी कळ फिरवून मांडणी थांबवता येईल, पण कळफलक जागा होईलच असे नाही. अनेक जण सेटिंग्ज बदलून बदलून थकतात, ते यामुळेच. ते चौथ्या कडीत दुरुस्ती करीत असतात आणि दोष पहिल्या कडीत असतो!

तेव्हा शोध पहिल्या कडीपासून सुरू करावा. तीच सर्वांत स्वस्त. तिला पैसाही लागत नाही.

उपाय, क्रमाक्रमाने

1. आसपासचे चुंबक दूर करा. लॅपटॉपखाली दुसरा लॅपटॉप आहे का? मिटलेल्या लॅपटॉपवर उघडा लॅपटॉप ठेवला, की खालच्याचा चुंबक वरच्याला फसवू शकतो. चुंबकाने मिटणारी कंपासपेटी, चुंबकी झडपेचे मोबाइलचे पाकीट, घड्याळाचा चुंबकी पट्टा, ध्वनिवर्धक, हे सगळे तपासा. हात टेकतो त्या जागी तर विशेष लक्ष द्या. वर सांगितलेला हिशेब आठवतो ना? वस्तू वीतभर लांब सरकवली तरी बहुधा काम भागते.

2. लॅपटॉप सपाट, स्थिर टेबलावर ठेवा. पडदा एकदा हळूहळू मिटत आणा आणि पुन्हा काटकोनाच्या थोडा पुढे उघडा. डुगडुगत्या सीमेवर अडकलेला निर्णय याने सुटतो. मग यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

3. बाहेरचा साधा कळफलक जोडून पाहा. तो चालतो आणि अंगचा चालत नाही, असे दिसले तर अंगचा मोडला असेल किंवा पाटी-अवस्थेमुळे बंद असेल. पडदा हलवताच तो मधूनच चालू होत असेल, तर कळफलकावर संशय घेऊ नका. संशय संवेदकावर किंवा बिजागरीतून जाणाऱ्या तारांवर घ्या.

4. आता कार्यप्रणालीकडे वळा. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टिम' आणि त्यात 'टॅब्लेट मोड' किंवा नुसते 'टॅब्लेट' असे पान असते. तिथे तीन पर्याय मिळतात. न विचारता बदल करावा, बदल करण्याआधी विचारावे, किंवा बदल करूच नये. शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे वेगळे असतात. कटकट थांबवायची असेल तर तिसरा पर्याय निवडा. पाटीचाही उपयोग करणार असाल तर दुसरा उत्तम. त्याच पानावर यंत्र सुरू होताना कोणत्या अवस्थेत असावे तेही ठरवता येते. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला, पण ती वापरणारी यंत्रे त्यानंतरही आहेतच.

5. 2021 साली आलेल्या विंडोज 11 मधून हे पान काढून टाकण्यात आले. तिथे घडीच्या लॅपटॉपवर बदल आपोआपच होतो. खालच्या पट्टीच्या सेटिंग्जमध्ये, यंत्र पाटीसारखे वापरताना पट्टी बोटासाठी बदलावी की नाही, एवढे विचारले जाते. ती खूण काढली की पट्टी बदलत नाही. चित्र फिरण्याचा त्रास असेल तर पडद्याच्या सेटिंग्जमध्ये 'रोटेशन लॉक' आहे.

6. विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या अंतर्गत नोंदवहीत 'कन्व्हर्टिबल स्लेट मोड' अशी एक नोंद असते. स्लेट म्हणजे पाटीच! ती 0 असली की पाटी आणि 1 असली की लॅपटॉप. काही जाणकार ती हाताने 1 करतात. पण नोंदवहीतील चुकीच्या बदलाने यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो, म्हणून जाणत्या शिक्षकांशिवाय तिला हात लावू नका. शिवाय संवेदक पुन्हा 'पाटी, पाटी' म्हणू लागला, तर ती नोंद परत बदलू शकते. तापमापीवर चिठ्ठी चिकटवून ताप उतरत नाही, तसेच हे.

7. लिनक्स वापरणाऱ्यांकडेही हाच खेळ आहे. 'पाटी' असा संकेत आला की लिनक्समधील आज्ञावलीचा एक भाग अंगचा कळफलक आणि टचपॅड बाजूला ठेवतो. उपाय त्याच क्रमाने करावेत.

8. एवढ्यानेही भागले नाही, तर निर्मात्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नियंत्रकाची नवी आज्ञावली मिळते का ते पाहावे. शेवटी राहिला कारागीर. त्याच्याकडे जाताना 'कळफलक गेला' असे सांगू नका. 'पडदा अमुक कोनात आला की पाटी-अवस्था येते आणि जवळ चुंबक नाही' असे सांगा. तुमचे निम्मे पैसे या एका वाक्याने वाचतील.

शेवटचा शब्द कोणाचा?

मित्रांनो, विंडोज 10 मधले ते तीन पर्याय पुन्हा एकदा आठवा. न विचारता करा, विचारून करा, करू नका. ही फक्त संगणकाची बाब नव्हे. आपल्याभोवती दिवसेंदिवस अशी यंत्रे वाढत आहेत, जी एक-दोन संवेदकांच्या साक्षीवर स्वतःच निर्णय घेतात.

हृदयाचे ठोके नियमित राहावेत म्हणून काही रुग्णांच्या छातीत पेसमेकर बसवतात. त्यांपैकी अनेकांत चुंबक ओळखणारी सोय असते. वर चुंबक धरला, की तो हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांकडे लक्ष न देता ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर मुद्दाम याचा उपयोग करतात. पण संवेदकाला डॉक्टरांचा चुंबक आणि खिशातल्या मोबाइलचा चुंबक यांत फरक कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2021 मध्ये अशा रुग्णांना सल्ला दिला, की मोबाइल आणि चुंबकी घड्याळे पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर दूर ठेवावीत. कारण लॅपटॉपमध्ये पाहिले तेच. परिणाम मात्र किती वेगळा!

तेव्हा आपोआप चालणारे यंत्र हाताळताना तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हे यंत्र कशावरून ठरवते? त्याची साक्ष कशाने फसू शकते? आणि ते चुकले तर त्याला थांबवण्याची कळ माणसाच्या हाती आहे का? पुढे तुमच्यापैकी कोणी अभियंता होऊन असे यंत्र बनवील, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल याची काळजी घ्या.

करून पाहा

1. मोबाइलवर त्वरणमापकाचे आकडे दाखवणारे एखादे विनामूल्य ॲप घ्या. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने बनवलेले 'फायफॉक्स' हे त्यांपैकी एक. मोबाइल ट्रंकेच्या झाकणावर चिकटपट्टीने बसवून झाकण हळूहळू उघडा आणि आकडे लिहून घ्या. मग तोच मोबाइल दारावर बसवून दार हळूहळू उघडा. आकडे का बदलत नाहीत ते मित्राला समजावून सांगा.

2. मोबाइल फूटभर उंचीवरून जाड गादीवर पडू द्या. पडत असतानाच्या क्षणी तिन्ही आकडे जवळजवळ शून्य होतात. ते का, यावर वर्गात चर्चा करा.

3. प्रयोगशाळेतील छोटी चुंबकसूची लॅपटॉपच्या कडेने हळूहळू फिरवा. सुई कुठे कुठे वळते? त्या जागांचा नकाशा कागदावर काढा. म्हणजे चुंबक कुठे दडले आहेत ते न उघडता कळेल. सुई अगदी टेकवू नका. जोरदार चुंबकाने तिचे ध्रुव उलटू शकतात. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चुंबकांचे प्रयोग त्यांच्यापासून दूर करा.

4. एक प्रश्न विचारासाठी. लॅपटॉप अंतराळयानात नेला, तर तिथे तरंगताना त्याला आपल्या बिजागरीचा कोन कसा कळेल? दोनपैकी कोणता साक्षीदार तिथे मुका होईल आणि कोणता बोलत राहील? उत्तर वहीत लिहा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.